आत्म्याचा पोशाख

मध्ययुगीन इंग्लंडमधले एखादे धार्मिक नाटक आज रंगमंचावर आणायचे ठरले, की वेषभूषाकाराच्या हातात पात्रांची जी यादी पडते तीत राजे, शिपाई आणि मेंढपाळ असतात. त्यांच्याच रांगेत देव, मृत्यू, सत्कर्म, ज्ञान आणि जीवात्मा अशीही नावे असतात. राजाचा झगा जुन्या चित्रांवरून बेतता येतो. मेंढपाळाची घोंगडी आणि टोपीही सापडते. सत्कर्माचे माप मात्र कुठल्या चित्रावरून घ्यायचे, आणि ज्याला रूपच नाही त्या आत्म्याला कोणत्या रंगाचे कापड चढवायचे, हा शिवणकामाच्या आधीचा, तत्त्वज्ञानातला प्रश्न आहे. तो सोडवल्याशिवाय कात्री चालवली, तर पोशाख देखणे होतात आणि नाटक मुके राहते.

ही नाटके मुख्यतः दोन प्रकारची. पहिली शहरांची बायबलनाट्ये. यॉर्क, चेस्टर, कॉव्हेंट्री अशा शहरांत व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे संघ बायबलमधली अखेरच्या न्यायापर्यंतची कथा चाकांच्या गाड्यांवर उभ्या केलेल्या रंगमंचांवरून सादर करत. यॉर्कमधल्या या परंपरेची सर्वांत जुनी नोंद १३७६ सालची आहे आणि शेवटचा जुना प्रयोग १५६९ सालचा. दुसरा प्रकार नीतिनाटकांचा. 'द कॅसल ऑफ पर्सिव्हिअरन्स' (सुमारे १४२५), 'विस्डम' आणि 'मॅनकाइंड' (दोन्ही पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली) आणि डच 'एल्कर्लिक'वरून आलेले, सोळाव्या शतकाच्या आरंभी छापलेले 'एव्हरीमन' ही त्यांतली ठळक नावे. नीतिनाटकांत माणसाचे गुणदोषच पात्रे होऊन वावरतात.

आजच्या प्रेक्षकाला आणि निर्मात्याला ऐतिहासिक नाटकाबद्दल एक अपेक्षा असते: पोशाख काळाला धरून हवेत. ज्यांनी ही नाटके आधी केली त्यांना ही अपेक्षा ठाऊकच नव्हती. त्यांच्या नाटकात येशूला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताचे शिपाई गावातल्या शस्त्रधारी माणसांसारखे दिसत. एन-टाउन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाट्यसंग्रहात येशूविरुद्ध कट करणारा यहुदी मुख्य याजक हन्ना कसा दिसावा याची सविस्तर सूचना आहे. अंगात किरमिजी झगा, त्यावर पांढऱ्या फरचा निळा अंगरखा, डोक्यावर बिशपचा उंच मुकुट. हा जुन्या नियमशास्त्राचा बिशप, असे तिथे म्हटले आहे. प्रेक्षकाच्या डोळ्यांना तो आपल्याच कॅथीड्रलमधल्या धर्माधिकाऱ्यासारखा दिसणार, हे उघड आहे.

याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण तो अन्याय होईल. यामागे काळाविषयीची एक पक्की धारणा होती. संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या अकराव्या भागात देवाच्या ठायी भूत आणि भविष्य नाही, सारा काळ एकाच वर्तमानात उभा आहे, असा विचार मांडला होता. चर्चमधल्या रोजच्या उपासनेत ख्रिस्ताचे बलिदान वेदीवर पुन्हा हजर होते, ही त्या समाजाची श्रद्धा होती. यॉर्कची नाटके तर त्याच श्रद्धेच्या उत्सवात, कॉर्पस ख्रिस्तीच्या सणाला होत. मग क्रूसावर खिळे ठोकणारे हात फार पूर्वीच्या परदेशी माणसांचे दाखवून कसे चालेल? ते हात यॉर्कमधल्या कामकऱ्याचे असायला हवेत, कारण पाप आज घडते आहे आणि क्षमाही आजच मिळायची आहे.

इथे आजच्या वेषभूषाकाराची खरी अडचण सुरू होते. त्याने १४३० सालची टोपी, वूलचा अंगरखा आणि डबलेट या आखूड, अंगाबरोबरच्या सदऱ्याला नाड्यांनी बांधायची तंग विजार अगदी हुबेहूब केली, तर प्रेक्षक म्हणतो, ते लोक असे राहत होते तर! म्हणजे जवळीक निर्माण करण्यासाठी घातलेले कपडे आता अंतर निर्माण करतात. कापड तेच, बेत तोच आणि परिणाम नेमका उलटा. प्रामाणिकपणा वस्तूशी ठेवायचा की हेतूशी, असा हा पेच आहे. या नाटकांपुरते तरी उत्तर हेतूच्या बाजूने द्यावे लागते, कारण त्यांतला पोशाख काळाची माहिती द्यायला आलेलाच नाही. देवासमोर उभा राहिल्यावर माणूस काय ठरतो, हे सांगायला तो आला आहे. मात्र काही ठिकाणी हा हेतू थेट कापडाच्या बेतातच शिवलेला असतो. तिथे बेत सोडला तर हेतूही सुटतो.

कपड्याला हा अधिकार बायबलमधूनच मिळाला. उत्पत्तीच्या पुस्तकात आदाम आणि हव्वा निर्दोष असताना विवस्त्र आहेत, पाप घडल्यावर पाने गुंडाळतात, आणि बागेतून घालवण्याआधी देव स्वतः त्यांना कातड्यांची वस्त्रे घालतो. वस्त्र हे लाजेचे चिन्ह, आणि त्याच वेळी देवाच्या काळजीचेही. नाटकवाल्यांना तर प्रत्यक्ष अडचण होती, की निर्दोष नग्नता माणसांनी भरलेल्या रस्त्यावर दाखवायची कशी? नॉर्विचच्या किराणा व्यापाऱ्यांच्या संघाची १५६५ सालची सामानाची यादी उपलब्ध आहे. तीत आदाम आणि हव्वेसाठी रंगवलेले अंगरखे आणि विजारी आहेत, देवपित्यासाठी चेहरा आणि केस आहेत, आणि लाल रंग दिलेली एक बरगडीही आहे. कॉर्नवॉलच्या सृष्टिनाटकात आदाम-हव्वेला पांढऱ्या चामड्याचे कपडे सांगितले आहेत. कॉव्हेंट्रीच्या लोहारांच्या हिशेबात देवाच्या, म्हणजे इथे ख्रिस्ताच्या, अंगरख्यासाठी पांढऱ्या चामड्याची सहा कातडी विकत घेतल्याची नोंद सापडते. नग्न देहासाठीसुद्धा शिवलेला देह, असा हा उपाय आहे. आजच्या रंगभूमीवर खरी नग्नता दाखवता येते, पण ती या नाटकांना मारक ठरते. प्रेक्षक नटाचे शरीर पाहू लागतो आणि आदाम हरवतो. शिवणी दिसणारा चामड्याचा देह मात्र स्पष्ट सांगतो, की निष्पाप माणूस आता कुणालाच प्रत्यक्ष पाहता येत नाही.

यॉर्कमधल्या सर्वांत श्रीमंत संघाकडे, म्हणजे मर्सर व्यापाऱ्यांकडे, शेवटचे नाटक होते: अखेरचा न्याय. त्यांचा १४३३ सालचा सामानाचा दस्तऐवज म्हणजे या विषयातला सर्वांत बोलका कागद. चार चाकांची गाडी, नरकाचे तोंड, टोकाला लोखंड लावलेले देवदूतांचे पंख, लाकडी इंद्रधनुष्याचे तुकडे, स्वर्गात दोरीने इकडून तिकडे धावणारे लहान लाल देवदूत, असे सगळे त्यात नोंदवले आहे. सैतानांसाठी तीन पोशाख आहेत आणि तीन मुखवट्यांत सहा चेहरे, म्हणजे पुढेही तोंड आणि मागेही. प्रेषितांना पाद्र्यांचे पांढरे झगे आहेत. देवासाठी फक्त दोन नोंदी: जखमांचा सदरा, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या मुखवट्यासह तेजोवलय. विश्वाचा न्याय करायला बसणारा देव राजवस्त्रात येत नाही. ज्या अंगाला भाले आणि खिळे लागले तेच अंगावर घालून येतो. हा सदरा आज करताना पुष्कळदा ओले, वाहते रक्त दाखवायचा मोह होतो. तो टाळावा. न्यायाच्या दिवशीच्या या जखमा वेदनेच्या नाहीत, पुराव्याच्या आहेत. कापडावर ठळक रंगवलेली, लांबून वाचता येणारी पाच चिन्हे इथे अधिक खरी.

त्याच यादीत दोन दुष्ट आत्मे आणि दोन सज्जन आत्मे आहेत, आणि दोघांच्या नोंदी शब्दशः सारख्या आहेत: दोन सदरे, दोन विजारी, दोन मुखवटे, दोन केसांचे टोप. मुखवट्यांत फरक असणार असे समजायला जागा आहे, पण कपड्यांच्या जातीत यादी फरक करत नाही. मेल्यानंतर दर्जाचे कापड गळून पडते, हे यातून दिसते. शिवाय आत्म्याला सदरा आणि विजार आहे, म्हणजे त्याला हातपाय आहेत, देह आहे.

मराठी वाचकाला इथे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला वस्त्राचा दृष्टांत आठवल्यावाचून राहणार नाही. तिथे देह हेच वस्त्र. जीर्ण झाले की आत्मा ते टाकतो आणि दुसरे घेतो. वस्त्र बदलले तरी आत आहे त्याला काही होत नाही, हा त्या दृष्टांताचा दिलासा. ख्रिस्ती विचार वस्त्राचाच दाखला घेऊन दुसरीकडे जातो. करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौल म्हणतो, की आपल्याला वस्त्र काढून उघडे व्हायचे नाही. जे नाशवंत आहे त्याने अविनाशीपण वरून पांघरायचे आहे. देह टाकायचा नसून तारला जायचा आहे, आणि म्हणूनच न्यायाच्या दिवशी माणसे सदेह उठतात. हा फरक वेषभूषेत लगेच उतरतो. झिरझिरीत पांढऱ्या पडद्यात तरंगणारा आत्मा दाखवणे आज सहज सुचते, पण त्यामागचे तत्त्वज्ञान या नाटकाचे नाही. मर्सरांच्या आत्म्यांना वजन आहे. त्यांना कबरीतून उठायचे आहे आणि उजवीकडे किंवा डावीकडे चालत जायचे आहे.

निवाडा कशावर होतो, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातून आले आहे: भुकेल्याला अन्न दिले का, उघड्याला वस्त्र दिले का. हे नाटक करणारे मर्सर कापडाच्या व्यापारातच मोठे झालेले होते. १३५७ साली बांधायला घेतलेल्या त्यांच्या सभागृहाच्या खालच्या मजल्यावर गरिबांसाठी आसरा होता; ते सभागृह यॉर्कमध्ये आजही उभे आहे. कापड विकणाऱ्यांनी उघड्याला कापड दिले का, हा प्रश्न भर रस्त्यात देवाच्या तोंडून स्वतःलाच विचारावा, यात मोठे धैर्य आहे. त्यांच्या सामानाच्या यादीत उघड्या माणसाचा पोशाख मात्र नाही, कारण तो पात्र म्हणून येतच नाही. आजच्या दिग्दर्शकाने चिंध्या घातलेला एखादा भिकारी मंचाच्या कोपऱ्यात बसवला, तर तो दयाळू वाटेल, पण नाटकाचा युक्तिवाद मोडेल. दोषी आत्मे विचारतात, तुला उघडा आम्ही कधी पाहिला? प्रेक्षकानेही त्याला त्या क्षणी मंचावर पाहिलेला नसावा.

नीतिनाटकांत पोशाख नुसता दिसत नाही, तो बदलतो, आणि त्या बदलातच कथा असते. 'विस्डम'च्या आरंभीची सूचना एखाद्या शिंप्याच्या वहीत शोभावी अशी आहे. ज्ञानरूप ख्रिस्त जांभळ्या जरीच्या वस्त्रात आहे, आत अर्मिनची फर, सोनेरी कुरळी दाढी, रत्नजडित मुकुट, एका हातात क्रूस बसवलेला सोन्याचा गोळा आणि दुसऱ्यात राजदंड. त्याच्यासमोर ॲनिमा, म्हणजे जीवात्मा, कुमारिकेच्या रूपात येते. आत पांढरी जरी, वर काळे पांघरूण. पांढरे ते देवाचे प्रतिबिंब आणि काळे ती इंद्रियांच्या ओढीची छाया, असा अर्थ नाटकातच उलगडतो. पुढे मनाच्या शक्ती मोहात पडतात, तेव्हा ॲनिमा सैतानाहूनही विद्रूप होऊन येते आणि तिच्या भयंकर पांघरुणाखालून सैतानांच्या वेषातली लहान मुले धावत बाहेर पडतात. पाप बाहेरून चिकटलेले नसून आत वाढत होते, हे एका पांघरुणाने दाखवले आहे. पश्चात्तापानंतर ती पहिल्याच पोशाखात परत येते. पहिल्याच, हे महत्त्वाचे. शेवट अधिक चमकदार व्हावा म्हणून इथे नवा, जास्त झगमगता झगा दिला, तर उद्धार म्हणजे बढती असा अर्थ होतो. या नाटकाला मूळ रूप परत मिळणे दाखवायचे आहे. तोच झगा, तेच पांघरूण, आणि आधीच्या प्रवेशात प्रेक्षकाने पाहिलेली एखादी ओळखीची घडीसुद्धा.

'मॅनकाइंड'मध्ये कात्री उघडच चालते. शेतात कुदळ मारणारा साधा माणूस लांब अंगरख्यात असतो. न्यू गाइज, नाउअडेज आणि नॉट हे तीन उनाड त्याला गाठतात, त्याचा अंगरखा नव्या फॅशनचा करून देतो म्हणून नेतात आणि तो कापत कापत इतका आखूड करतात, की त्याचे झाकणे संपते आणि हसे उरते. १४६३ साली इंग्लंडच्या संसदेने ठरावीक दर्जाखालच्या पुरुषांना कंबरेखालचे अंग न झाकणारे आखूड अंगरखे घालायला आणि दोन इंचांहून लांब टोकाचे बूट वापरायला मनाई केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रेक्षकाला हा विनोद किती झोंबला असेल ते कळते. इथे बेत हाच युक्तिवाद आहे. म्हणून एकाच ताग्यातून तीन लांबींचे अंगरखे काढावे लागतात, प्रत्येक वेळी कापलेली कड तशीच उसवलेली ठेवावी लागते, आणि पहिला अंगरखा घोट्यापर्यंत पुरेल इतका लांब असावाच लागतो. मध्ययुग म्हणजे आखूड डबलेट आणि तंग विजार अशी समजूत करून नायकाला सुरुवातीलाच तसा पोशाख दिला, तर कापायला काही उरत नाही.

'एव्हरीमन'मध्ये मृत्यू माणसाला गाठतो तेव्हा तो नटूनथटून निघालेला असतो. पुढे ज्ञान त्याला अश्रूंनी भिजलेले अनुतापाचे वस्त्र देते. जमिनीवर गारठून पडलेली सत्कर्मे त्याआधीच उभी राहिलेली असतात. हे वस्त्र राख फासलेले, फाटके असावे असे प्रथम वाटते. पण त्या काळच्या धर्मशिक्षणात पश्चात्ताप ही शिक्षा नव्हती. बाप्तिस्म्याला मिळालेल्या पांढऱ्या वस्त्राकडे परतण्याची ती वाट होती. न रंगवलेले जाड वूल, अंगभर आणि साधे, हे इथे सर्वांत योग्य. हे वस्त्र त्याने भरजरी पोशाखावर चढवायचे की तो उतरवून घालायचे, हा निर्णय धर्मशास्त्राचाच आहे. स्वतःला चाबूक मारण्याचा प्रसंग याच ओघात येत असल्याने जुने कपडे उतरणे स्वाभाविक ठरते. शेवटी सौंदर्य आणि बळ त्याला कबरीच्या काठी सोडून जातात. त्यांचे पोशाख त्याच्या पहिल्या पोशाखाच्याच कापडातून काढले, तर कोण सोडून गेले हे शब्दांवाचून कळते. ऑस्ट्रियन नाटककार होफमनस्थालने याच कथेवर लिहिलेले 'येडरमान' १९२० सालापासून साल्झबर्गच्या कॅथीड्रलसमोरच्या चौकात होत आले आहे. तिथे नायकाच्या प्रेयसीचा झगा हा दरवर्षी वर्तमानपत्रांचा विषय होतो. डोळ्यांना खिळवणारा पोशाख नाटकाला हवाच असतो. त्याची ओढ मृत्यूच्या प्रवेशापर्यंत टिकली आणि तिथे तुटली, तर तो कामी आला.

या परंपरेतले सगळेच जपण्यासारखे नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने यहुद्यांनी पोशाखावरून वेगळे ओळखू यावे असे फर्मावले. इंग्लंडमध्ये १२७५ सालच्या कायद्याने त्यांच्या छातीवर पिवळा तुकडा लावला आणि १२९० साली त्यांना देशाबाहेर काढले. त्याआधी ११९० साली यॉर्कच्याच किल्ल्यात आसरा घेतलेले यहुदी जमावाच्या वेढ्यात मरण पावले होते. त्या काळच्या चित्रांतली टोकदार टोपी आणि वाकडे नाक आज अस्सलपणाच्या नावाखाली मंचावर आणणे म्हणजे तो पिवळा तुकडा पुन्हा शिवणे होय. यावर उपाय परंपरेतच आहे: हन्नाला दिलेला बिशपचा मुकुट. धर्माच्या नावाने निर्दोषाला मारणारी सत्ता आपल्याच सत्तेसारखी दिसली पाहिजे, हा मध्ययुगाचा उत्तम विचार उचलावा आणि त्याचा वाईट विचार मागे ठेवावा. कॉव्हेंट्रीच्या कापडवाल्यांच्या हिशेबात शापित आत्म्यांचे चेहरे काळे करण्याचा खर्च आहे. तोही असाच सोडून द्यावा लागतो. मधल्या शतकांत काळ्या रंगवलेल्या चेहऱ्याला गुलामगिरीचा आणि वंशद्वेषाचा अर्थ चिकटला आहे आणि कोणतीही तळटीप तो पुसू शकत नाही. काजळी कापडावर येऊ शकते, त्वचेवर येण्याची गरज नाही.

राहिला देवाचा चेहरा. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून चर्चचा टीकाकार जॉन विक्लिफ याच्या अनुयायांच्या वर्तुळातून धार्मिक नाटकांवर लेखनातून कडाडून हल्ला झाला: जे देवाने खरोखर केले त्याची नक्कल करून खेळ मांडणे ही त्याची थट्टा आहे. नाटकाच्या बाजूचे उत्तरही त्याच लेखनात नोंदवलेले आहे. चित्र हे मेलेले पुस्तक आणि नाटक हे जिवंत पुस्तक. चित्र चालते तर नाटक का नको? यॉर्कच्या सोनेरी मुखवट्यात या वादाचे एक उत्तर दडलेले आहे. मुखवट्यामुळे आतला ओळखीचा दुकानदार दिसेनासा होतो आणि सोने स्वतःकडे पाहू न देता प्रकाश परत फेकते. धर्मसुधारणेनंतर चेस्टरच्या नाटकांना जोडलेल्या उत्तरकालीन प्रास्ताविकाला हेही पटले नाही. मुलामा दिलेला चेहरा माणसाला विद्रूप करतो, देवपणाला माणसाच्या नाकाडोळ्यांचे माप लावता येत नाही, तेव्हा देवाने ढगाआड राहावे आणि फक्त आवाज ऐकू यावा, असे त्यात सुचवले आहे. पुढे ब्रिटनमध्ये १९६८ सालापर्यंत नव्या नाटकांवर सेन्सॉर होते आणि देवाला पात्र म्हणून मंचावर येऊ देण्यास ते सहसा तयार नसे.

लंडनच्या नॅशनल थिएटरने १९७७ ते १९८५ या काळात बिल ब्रायडनच्या दिग्दर्शनाखाली 'द मिस्टरीज' सादर केले. टोनी हॅरिसन यांची संहिता, विल्यम डडली यांचे नेपथ्य आणि वेषभूषा. नट आजच्या कामगारांच्या कपड्यांत होते, आणि देव सृष्टी निर्माण करायला माल उचलायच्या फोर्कलिफ्ट गाडीवर चढून आला. त्याच थिएटरच्या २०१५ सालच्या 'एव्हरीमन'मध्ये देव सफाई करणाऱ्या बाईच्या रूपात होता. मध्ययुगाचा एकही टाका नसलेले हे पोशाख मूळ परंपरेच्या फार जवळचे आहेत. यॉर्कमध्ये नाटक कामकऱ्यांचे होते, आणि पाहणाऱ्याला आपली वस्त्रे मंचावर दिसत होती. इथेही तेच घडले. चेस्टरच्या आक्षेपालाही यातून उत्तर मिळते. सफाईवालीचा गणवेश देव असाच दिसतो असा दावा करत नाही, कारण तसे कुणालाच वाटणार नाही. सोन्याचा मुखवटा जे काम चकाकीने करत होता ते हा गणवेश साधेपणाने करतो: प्रेक्षक दिसण्यावर थांबत नाही, तो बोलणे ऐकू लागतो.